आडनावच नसलेल्या माणसानं फॉर्म कसा भरायचा?

कोरी_पाटी

मंडळी, प्रश्न फुटकळ आहे पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी धागा काढतोय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या एका वेबसाइटवर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आहे, त्यात पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने, दोन्ही कंपल्सरी, लाल चांदणीवाले. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. परवा इंडोनेशियातल्या एका बाईंचा मेल आला की मला आडनाव नाहीये, तुमचा फॉर्म पुढे जाऊ देत नाही, काय करू. सपोर्टवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले टिंब टाकायला सांग. टिंब टाकलं तर फॉर्म म्हणतो फक्त अक्षरं चालतील. मग बाईंनी वैतागून तेच नाव दोन्ही रकान्यांत टाकलं आणि आता आमची सिस्टिम त्यांना प्रत्येक मेलमध्ये तेच नाव दोनदा घेऊन हाक मारते, गर्दीत हरवलेल्या पोराला मारावी तशी.

मला आजपर्यंत वाटायचं की आडनाव म्हणजे नाकासारखं, सगळ्यांना असतंच, आकार काय तो वेगळा. मग आता विचारतो की जगात आणखी कुठे कुठे आडनावं नाहीत? जिथे आहेत तिथे ती आली कधी, कुणी ठरवली? पूर्वापार चालत आलीयेत का कुणीतरी एक दिवस उठून वाटली? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. आमच्या मॅनेजरचं म्हणणं आहे की "एवढ्या एका कस्टमरसाठी फॉर्म बदलणार नाही", त्याला द्यायला काहीतरी पुरावा पाहिजे.

पायी_फिरस्ता

एक कस्टमर? तुमच्या मॅनेजरला सांगा, सुकार्नो आणि सुहार्तो. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, दोघांनी मिळून पन्नासेक वर्षं देश चालवला, आणि दोघांचंही नाव एवढंच, एक शब्द, पुढे मागे काही नाही. जावा बेटावर हे अगदी नॉर्मल आहे. पण पूर्ण इंडोनेशिया तसा नाही हां, सुमात्रामधल्या बाटाक लोकांकडे कुळाची नावं असतात, त्याला ते मार्गा म्हणतात, आणि एकाच मार्गातल्या मुलामुलीचं लग्न जमवायचं म्हटलं की घरचे डोळे वटारतात.

म्यानमार घ्या. ऊ थांट, १९६१ ते १९७१ संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस. तो 'ऊ' म्हणजे नाव नाहीच, 'श्री' सारखा मान आहे. माणसाचं अख्खं नाव फक्त थांट. आणि आँग सान सू ची, यात आडनाव शोधायला जाल तर फसाल. आँग सान हे वडलांचं नाव, सू आजीच्या नावातलं, ची आईच्या नावातलं. आई, बाप, आजी सगळ्यांना एकेक कोपरा दिला पण खानदानाचं नाव कुठेच नाही. मुळात बर्मी लोकांत जन्मवारावरून नावाचं पहिलं अक्षर ठरवायची पद्धत आहे, त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या नावांत एक शब्दसुद्धा सारखा असेलच असं नाही.

इथिओपियात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात, बस्स. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकलेला अबेबे बिकिला आठवतो का? बिकिला म्हणजे त्याचे वडील. पेपरवाले "बिकिला जिंकला" छापत होते, म्हणजे टेक्निकली मेडल बापाला देऊन टाकलं. तिथले सम्राट हैले सेलासी, त्यात तर सेलासी हे आडनावही नाही आणि बापाचं नावही नाही, दोन शब्द मिळून एकच नाव, अर्थ ख्रिश्चन त्रिमूर्तीची शक्ती. गादीवर यायच्या आधी ते तफारी मकोन्नेन होते, तिथे मकोन्नेन म्हणजे वडील.

आता यावर आपल्यासारख्या फॉर्मवाल्यांनी काढलेला उपाय ऐका. अमेरिकेच्या व्हिसावर एका शब्दाचं नाव असलेल्या माणसाचं ते नाव आडनावाच्या रकान्यात ढकलतात आणि पहिल्या नावाच्या जागी एफ-एन-यू लिहितात, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. मग बँकेत, लायब्ररीत, डॉक्टरकडे सगळीकडे लोक त्याला "मिस्टर फ्नू" म्हणून बोलावतात. नुसत्या गमतीत सांगत नाहीये, माझ्या ओळखीतल्या एकाचं हे झालंय, त्याच्या लायब्ररी कार्डावर अजून फ्नू आहे.

दप्तरखाना

मी आयुष्यभर रजिस्टरं भरण्याचं काम केलं त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा हक्कच आहे असं समजतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कोरी पाटी यांनी विचारलंय की कुणी एक दिवस उठून वाटली का. हो. अक्षरशः वाटली, आणि ती सुद्धा कारकुनांनी. गावात पाच गणपा असले तरी गावाला काही अडचण नसते, एक लंगडा असतो, एक विहिरीपाशी राहतो, एक अमक्याचा पोरगा असतो. अडचण होते ती बाहेरून आलेल्या माणसाला, ज्याला कर वसूल करायचाय किंवा पोरं फौजेत भरती करायचीत. त्याला यादी लागते आणि यादीत पाच गणपा चालत नाहीत.

सगळ्यात उघडंनागडं उदाहरण फिलिपिन्सचं. तिथे स्पेनचं राज्य होतं, लोक ख्रिश्चन झाल्यावर भक्तिभावानं दे ला क्रूझ, दे लोस सांतोस अशी नावं घ्यायचे, झालं काय की अख्खा गाव दे ला क्रूझ. बाप वेगळं नाव लावतो, मुलगा वेगळं, कर कुणी भरला आणि कुणी बुडवला काही पत्ता लागेना. तेव्हा १८४९ साली गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यानं हुकूम काढला आणि आडनावांची एक मोठीच्या मोठी यादी छापून घेतली, ए पासून झेड पर्यंत, साठ हजारांच्या आसपास नावं. त्यात झाडं, प्राणी, गावं, सद्गुण, स्थानिक भाषांतले शब्द सगळं होतं. यादीची पानं प्रांतांना, प्रांतांनी गावांना वाटली, आणि घरटी एक नाव. ज्यांच्याकडे चार पिढ्यांपासून एकच आडनाव होतं त्यांना ते ठेवायची मुभा होती, बाकीच्यांनी यादीतून उचलायचं. आता गावाला पानच एका अक्षराचं मिळालं तर? अल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या घरांची आडनावं आजही धडाधड 'आर' नं सुरू होतात. कुणाचं आडनाव ऐकून गाव ओळखता यावं ही वसाहतीच्या कारकुनाची करामत आहे, पूर्वजांची नव्हे.

तुर्कस्तानात जून १९३४ मध्ये कायदा झाला की प्रत्येकानं आडनाव घ्यायचं. तोपर्यंत लोक बापाचं नाव, टोपणनाव, धंदा, गाव यावर भागवत होते. कायद्यात अटी पण होत्या, परकी नाव नको, टोळीचं नको, हुद्द्याचं नको. निवडायचा अधिकार घरातल्या पुरुषाला. ज्याला सुचलं नाही त्याला अधिकाऱ्यानं यादीतून दिलं. तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना संसदेनं त्याच वर्षी नोव्हेंबरात अतातुर्क हे नाव दिलं, तुर्कांचा पिता, आणि दुसऱ्या कुणालाही ते घ्यायला बंदी. सख्ख्या बहिणीलासुद्धा मिळालं नाही, तिचं आडनाव अतादान. त्यांचे सेनापती इस्मेत पाशा यांना मिळालं इनोनू, कारण त्या ठिकाणी त्यांनी लढाया जिंकल्या होत्या. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा म्हणजे अतातुर्क यांच्या मानसकन्येचा, सबिहा. तिला त्यांनी गोक्चेन नाव दिलं, गोक म्हणजे आकाश. पुढे ती लढाऊ विमानाची पायलट झाली, इस्तंबूलच्या एका विमानतळाला तिचं नाव आहे. लोक समजतात पायलट होती म्हणून आकाशाचं नाव दिलं. पण नाव दिलं १९३४ च्या डिसेंबरात आणि तिचं विमानाचं शिक्षण सुरू झालं १९३५ मध्ये. नाव आधी, विमान नंतर!

थायलंडमध्ये १९१३ साली राजा वजिरावुधनं आडनावाचा कायदा आणला. तिथे एक जास्तीची अट, दोन वेगळ्या घराण्यांचं आडनाव सारखं असता कामा नये. राजाला या कामात एवढा रस की त्यानं स्वतः बसून सहा हजारांच्या वर आडनावं तयार करून लोकांना दिली. म्हणूनच थाई आडनावं एवढी लांबलचक असतात, छोटी केव्हाच संपली, नव्या घराण्याला नवीन जोडशब्द शोधावा लागतो. आणि एवढं करून आडनाव वापरतं कोण? कुणीच नाही. पंतप्रधानालासुद्धा पहिल्या नावानंच संबोधतात, घरात तर तेही नाही, टोपणनाव.

जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावायची परवानगी १८७० मध्ये आणि सक्ती १८७५ मध्ये. सक्ती का, तर सैन्यभरती नुकतीच सुरू झाली होती. इराणमध्ये हे सगळं गेल्या शतकात, पहिल्या महायुद्धानंतर. तारखा ओळीनं लावून बघा, आडनाव जिथे आलं तिथे त्याच्या आगेमागे जनगणना, कर नाहीतर फौज सापडतेच.

जुनी_खोडी

दप्तरकाका, किस्से झकास पण सगळंच सरकारच्या गळ्यात घालू नका. चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून सामान्य लोकांनासुद्धा आडनावं आहेत. आणि रोमन लोकांचं काय? गायस ज्युलियस सीझर, यातलं ज्युलियस हे कुळाचं नाव, सीझर ही त्या कुळातली शाखा, घरचं नाव फक्त गायस. आता हे कुठल्या तहसीलदारानं वाटलं?

इंग्लंडमध्ये पण आडनावं लोकांच्या तोंडातूनच आली. स्मिथ म्हणजे लोहार, कूपर म्हणजे पिंपं बनवणारा, फ्लेचर म्हणजे बाणांना पिसं लावणारा, हिल टेकडीवरचा. कुणी फर्मान नव्हतं काढलं.

दप्तरखाना

खोडीसाहेब, चीनचं मान्य, पण दोन हजार वर्षांपूर्वी घरोघरची मोजदाद, कर आणि वेठ यांच्या याद्या ठेवणारं सरकार कुठे होतं ते पण सांगा की. तिथेच होतं!

रोमचं तर उलट माझ्याच बाजूनं जातं. पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळलं आणि ही तीन नावांची पद्धत हळूहळू विरून गेली, युरोपात पुढची कित्येक शतकं राजेरजवाड्यांपासून गुराख्यापर्यंत सगळे एका नावावर. तुमचा स्मिथ लोहार खराच, पण टोपणनाव वेगळं आणि आडनाव वेगळं. लोहाराला स्मिथ म्हणणं हे टोपणनाव. लोहाराचा मुलगा शिंपी झाला तरी त्याला स्मिथच म्हणायचं हे आडनाव. ते नाव पिढीजात गोठायला १०६६ नंतर, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, तीनेकशे वर्षं लागली आणि त्या गोठण्यात जमिनीचे दस्त आणि कराच्या याद्यांचा हात होताच.

वेल्समध्ये तर आणखी उशीर. तिथे 'आप' म्हणजे 'चा मुलगा', आप हिवेल, आप रिस असं मागे जात पाच सहा पिढ्या सांगायचे. सोळाव्या शतकात इंग्रजी कायदा आणि इंग्रजी कारकून आले, त्यांना एवढं लिहायचा कंटाळा. मग आप हिवेलचा झाला पॉवेल, आप रिसचा प्राइस, आप रिशार्टचा प्रिचर्ड, आब ओवेनचा बोवेन. तो पहिला 'प' किंवा 'ब' म्हणजे बापाच्या नात्याचं उरलेलं शेपूट. आणि बाकीचे सगळे जॉनची पोरं म्हणून जोन्स. इतके जोन्स झाले की मग गावानं पुन्हा टोपणनावं काढली, जोन्स दूधवाला, जोन्स पाववाला. म्हणजे फिरून गाडी जिथे होती तिथेच.

नुस्तंच_वाचतो

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मला एक माहितीये, अमेरिकेत न्यूयॉर्कला एलिस बेटावर जहाजातून लोक उतरायचे तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना युरोपातली नावं कळायची नाहीत म्हणून ते मनाला येईल तसं नाव बदलून टाकायचे. आणि नेदरलँड्समध्ये नेपोलियननं आडनाव सक्तीचं केल्यावर लोकांनी मस्करी म्हणून 'नागडा जन्मलेला' वगैरे आडनावं घेतली, त्यांना वाटलं दोन वर्षांत नेपोलियन जाईल पण नावं चिकटली ती चिकटलीच. 😀

जुनी_खोडी

स्वागत आहे नुवा, पण पहिल्याच बॉलला विकेट घेतोय त्याबद्दल सॉरी.

एलिस बेट १८९२ ते १९५४ चालू होतं. तिथले इन्स्पेक्टर नावं लिहून घेत नसत, जहाज निघालं त्या युरोपातल्या बंदरावरच कंपनीचे लोक प्रवाशांची यादी करून पाठवायचे, बेटावर त्या यादीशी फक्त पडताळणी. शिवाय दुभाषे ठेवलेले होते. नावं बदलली हे खरं पण ती लोकांनी नंतर स्वतःच बदलली, नोकरी मिळावी म्हणून, शाळेत पोराची चेष्टा होऊ नये म्हणून. आजोबांनी स्वतः नाव टाकलं असं सांगण्यापेक्षा कुणा मठ्ठ साहेबानं चुकीचं लिहिलं हे नातवंडांना सांगायला बरं वाटतं, एवढंच.

डच लोकांचा १८११ चा हुकूम खरा आहे, तेव्हा तो भाग फ्रान्समध्ये सामील केलेला होता. पण बहुतेक डच लोकांना तोवर आडनावं होतीच, नोंद फक्त नव्यानं झाली. आणि ते तुमचं नागडं नाव, नाक्तखेबोरेन, ते बहुधा जर्मन शब्दाचा अपभ्रंश आहे, 'मागाहून जन्मलेला', म्हणजे बाप वारल्यावर झालेलं मूल. मस्करी म्हणून खपतंय ते एका पोरक्या बाळाचं नाव आहे.

नुस्तंच_वाचतो

हायला. परत वाचनमात्र होतो.

अनुस्वार

नुवा, जाऊ नका हो, तुमच्यामुळेच काहीतरी बाहेर आलं.

इथे इतके प्रतिसाद झाले आणि बायकांचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितेय. खोडीसाहेबांनी सीझर सांगितला. त्याच्या बहिणी सांगते. दोन होत्या, दोघींचं नाव ज्युलिया. आत्या पण ज्युलिया. मुलगी पण ज्युलिया. रोमन मुलीला वेगळं नावच देत नसत, कुळाचं नाव ज्युलियस तर मुलगी ज्युलिया, दुसरी झाली तर थोरली आणि धाकटी. म्हणजे पुरुषांना तीन तीन नावं आणि बाईला फक्त आडनाव! कोरी पाटी, तुमच्या फॉर्ममध्ये ती उलट्या बाजूनं अडकली असती.

आता जपान. तिथल्या नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार लग्नानंतर नवराबायकोचं आडनाव एकच पाहिजे. कुणाचं ते तुम्ही ठरवा असं कायदा म्हणतो, किती छान, पण प्रत्यक्षात शंभरातल्या पंच्याण्णव जोडप्यांत बदलते ती बाईच. २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंसुद्धा कायदा बरोबर ठरवला. समर्थन करणारे म्हणतात आमची फार जुनी परंपरा आहे. आणि गंमत अशी की १८७६ मध्ये तिथल्या सरकारनंच फतवा काढला होता की लग्नानंतरही बाईनं माहेरचंच आडनाव लावायचं. एकच आडनाव हे आलं १८९८ च्या कायद्यात. जुनी परंपरा ती हीच, सव्वाशे वर्षांची.

त्याच देशात राजघराण्याला आडनावच नाही. सम्राटाला काय, सगळेच ओळखतात. २०२१ मध्ये राजकन्या माको यांनी एका साध्या घरातल्या मुलाशी लग्न केलं, राजघराण्यातून नाव कमी झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा आडनाव मिळालं, कोमुरो. त्यांनी पहिला फॉर्म भरताना काय वाटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे.

लिथुआनियात आडनावाच्या शेवटावरून बाईचं लग्न झालंय का ते कळतं, ऐते किंवा युते असेल तर लग्न व्हायचंय, येने असेल तर झालंय. पुरुषाच्या आडनावातून काहीही कळत नाही अर्थातच. २००३ पासून नुसतं 'ए' वर थांबणारं रूप घ्यायची परवानगी आहे, ज्यातून काही कळत नाही.

उलट कोरियात, चीनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, पण हे ऐकून फार पुरोगामी समजू नका, मुलांना सहसा बापाचंच लागतं, आई स्वतःच्याच घरात वेगळ्या आडनावाची एकटी. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, सहसा आधी बापाचं मग आईचं, बायको स्वतःची दोन्ही ठेवते. पिकासो हे आईचं आडनाव आहे, बापाचं रुईस. रुईस स्पेनमध्ये ढिगानं सापडतात म्हणून त्यानं पुढे आईचंच ठेवलं असावं असा माझा आपला अंदाज.

आणि अमेरिकेतली ल्यूसी स्टोन. १८५५ मध्ये लग्न केलं आणि नवऱ्याचं नाव लावायला ठाम नकार दिला. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीपुरता मताचा हक्क दिला, ही बाई आयुष्यभर त्यासाठी भांडलेली, आणि तिचं नाव यादीतून उडवलं, कारण नवऱ्याच्या आडनावानं सही करेना. दप्तरकाका, तुमची यादी परत आलीच.

दप्तरखाना

आली. मान खाली घालून मान्य.

पायी_फिरस्ता

अनुस्वार ताई, दंडवत. कोरियाचा विषय निघालाच आहे तर भर घालतो. तिथे साधारण पाचातला एक माणूस किम. किम, ली आणि पार्क मिळून निम्म्याच्या जरा खाली. एवढे एका रक्ताचे असणं शक्य नाही. आधी आडनाव असणं हा उमरावांचा मान होता, मग जुनी राजवट खिळखिळी झाली तशा वंशावळीच्या पोथ्या विकत मिळायला लागल्या, ज्याच्याकडे पैसा त्यानं स्वतःला चांगल्या घराण्यात चिकटवून घेतलं, आणि १९०९ मध्ये सगळ्यांची नोंदणी सक्तीची झाली तेव्हा उरलेल्यांनी पण तीच भारदस्त नावं घेतली. कोण कशाला हलकं नाव घेईल!

पण त्याचे भोग पुढच्यांना. किममध्ये पण मूळ गावावरून वेगवेगळी कुळं आहेत, त्यातलं गिमहे किम हे सगळ्यात मोठं, चाळीस लाखांच्या वर माणसं. आणि कायदा असा होता की एकाच कुळात लग्न करायचं नाही. म्हणजे चाळीस लाख लोक एकमेकांचे कायदेशीर बहीणभाऊ. प्रेमात पडल्यावर आधी विचारायचं, "तू कुठली किम?" १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ते कलम रद्दबातल ठरवलं, कायद्याच्या पुस्तकातून जायला २००५ उजाडलं.

व्हिएतनाममध्ये तसंच ङ्गुयेन, तीनातला एक तरी. घराणी बदलली की लोक आडनावं बदलायचे, कधी भीतीनं, कधी सक्तीनं. १२३२ मध्ये त्रान घराण्यानं आधीच्या ली घराण्याच्या लोकांना ङ्गुयेन व्हायला लावलं, ली नाव पुसून टाकायला, आणि पुढे १८०२ पासून खुद्द राजेच ङ्गुयेन. आता तीनात एक ङ्गुयेन म्हटल्यावर आडनावानं हाक मारून उपयोग काय? म्हणून तिथे शेवटच्या नावानं बोलावतात. वो ङ्गुयेन ज्याप यांना जनरल ज्यापच म्हणायचे, जनरल वो कुणीच नाही.

जुनी_खोडी

माझ्याकडून शेवटची एक भर, मंगोलियाची. १९२० च्या दशकात तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं कुळाची नावं बंद केली, सरंजामी खुणा म्हणून. सत्तरेक वर्षं लोक बापाचं नाव अधिक स्वतःचं नाव यावर राहिले, आजोबाचं कूळ कुठलं हेच विसरले. कम्युनिस्ट गेल्यावर सरकारनं उलटा आदेश काढला, आता कूळनाव शोधा आणि लावा. आठवत नसेल तर नवीन घ्या. मग काय, जो तो बोर्जिगिन, म्हणजे चंगीझ खानाचं कूळ! पण गुर्राग्चा म्हणून त्यांचे अंतराळवीर आहेत, १९८१ मध्ये गेलेले, अंतराळात जाणारे पहिले मंगोल. त्यांना नवीन नाव घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी घेतलं 'सांसार', म्हणजे अंतराळ.

आणि राजेलोकांना पण चुकलं नाही बरं का. १९१७ मध्ये जर्मनीशी युद्ध चाललेलं, गोथा नावाची जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती, आणि इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव काय, तर सॅक्स-कोबर्ग-गोथा. पाचव्या जॉर्जनं जुलैमध्ये ते नाव टाकून विंडसर घेतलं. विंडसर म्हणजे त्यांच्या किल्ल्याचं गाव. ओआसच्या शेतकऱ्याला निदान पानभर पर्याय होते.

कोरी_पाटी

अरे बापरे, मी जेवायला गेलो तर इथे ग्रंथ झाला. सगळ्यांचे आभार. मॅनेजरला धागा वाचून दाखवला. सुकार्नो, सुहार्तो ऐकून काही बोलला नाही पण "चाळीस लाख गिमहे किम" वर म्हणाला मार्केट मोठं दिसतंय. 🙂

ठरलं असं की दोन रकाने काढून एकच ठेवायचा, 'पूर्ण नाव', आणि खाली एक ऐच्छिक, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' म्हणजे थाई माणूस टोपणनाव टाकेल, व्हिएतनामी माणूस शेवटचं टाकेल, त्या इंडोनेशियाच्या बाई काहीच टाकणार नाहीत. आता डेटाबेसवाला रडतोय की आडनाव नाही तर यादी लावायची कशावरून?

पायी_फिरस्ता

पहिल्या नावावरून. आइसलंडवाल्यांनी टेलिफोन डिरेक्टरी तशीच छापली कायम. तिथे बापाच्या नावाला मुलगा असेल तर सोन आणि मुलगी असेल तर दोत्तिर लावतात, म्हणजे एका घरात आईबाप आणि भाऊबहीण चौघांची चार शेवटची नावं, त्यावर यादी लावून करणार काय? म्हणून पहिलं नाव, आणि तीच नावं फार झाली तर पुढे व्यवसाय. १९८० मध्ये निवडून आलेल्या त्यांच्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर, त्यांना सगळा देश विग्दिस म्हणायचा. फिन्बोगी म्हणजे बाबा, बाबांच्या नावानं कशाला हाक मारायची. आता २०१९ पासून मुलगा मुलगी काहीच न सांगणारं 'बुर' पण लावता येतं.

अनुस्वार

डेटाबेसवाल्याला हे पण सांगा की आइसलंडमध्ये आईचं नाव लावणारे पण आहेत. फुटबॉलपटू हेइदार हेल्गुसोन, तो हेल्गाचा मुलगा.

आणि टेस्टर आहात ना, मग नुसता रकाना बदलून थांबू नका, एका शब्दाचं नाव, सहा शब्दांचं नाव, मध्ये अपॉस्ट्रॉफीवालं आयरिश नाव, हायफनवालं, सगळं घालून बघा. आणि कोरियात एक आडनाव आहे 'ओ'. इंग्रजीत लिहिताना काही जण एकच अक्षर लिहितात. त्या लोकांना तर फॉर्म म्हणतो पूर्ण नाव लिहा, अद्याक्षर नको.

कोरी_पाटी

ताई थांबा. नवीन रकान्यात मी 'प्रत्येक शब्दाला किमान दोन अक्षरं' अशी अट टाकलीये आणि ते सकाळीच लाइव्ह गेलंय.

आलोच.